लोण

‘अमुक चळवळीचें लोण खेड्यापाड्यांत जाऊन पोंचलें’ हें वाक्य आपण वर्तमानपत्रांत इतक्या वेळां वाचतों कीं, लोण म्हणजे नेमकें काय आणि तें कोठून निघून कोठें पोंचतें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत उद्भवत नाहीं. माझ्या वर्गांत मीं एकदां तो मुद्दाम विचारला. एकानें वणवा सांगितला, दुसऱ्यानें रोगाची सांथ सांगितली, आणि एका मुलीनें, लोणी वितळून पसरतें त्यावरून हा शब्द आला असावा, असा तर्क मोठ्या धिटाईनें मांडला. आट्यापाट्यांचें नांव कोणीं काढलें नाहीं. आणि त्या मुलांनीं तें काढावें तरी कशाला? अलिबागेस ओहोटी लागली म्हणजे कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत जी ओली, टणक वाळू उघडी पडते, तिच्यावर हल्लीं घोडागाड्या धांवतात, मुंबईचे पाहुणे छायाचित्रें काढतात आणि गांवचीं पोरें क्रिकेट खेळतात. आमच्या लहानपणीं त्याच वाळूंत टांचेनें रेघा ओढून चांदण्यांत आट्यापाट्या रंगत, आणि भरती येऊन रेघा पुसून टाकी तेव्हांच डाव मोडे.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आंखलेल्या असतात, व त्या सर्वांना मधोमध छेदून जाणारी एक लांब उभी पाटी असते. तिला सूरपाटी म्हणतात. प्रत्येक आडव्या पाटीवर प्रतिपक्षाचा एकेक गडी पहारा करीत उभा. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी. आपण पहारा चुकवीत, एकेक पाटी ओलांडीत शेवटपर्यंत जायचें आणि तसेंच परत यायचें. जो असा परत येतो त्यानें ‘लोण’ आणलें. लोण म्हणजे मीठ. चौकीपहाऱ्यांतून चोरून मीठ आणण्याचें हें सोंग आहे, असें जुनीं माणसें सांगत. पेण-उरणकडच्या मिठागरांच्या मुलखांत राहणाऱ्याला ही व्युत्पत्ति पटण्यास वेळ लागत नाहीं. १८९० च्या मुंबई मीठ-कायद्याच्या अमलांत समुद्र आमच्या दाराशीं असूनहि मीठ मात्र सरकारचें होतें.

या खेळाच्या नियमांत पहाऱ्याविषयीं जें शहाणपण सांठवलेलें आहे, तें पुढें पुष्कळ ग्रंथ वाचूनहि मला फारसें कोठें आढळलें नाहीं. पहारेकरी बलवान् खरा, पण त्याचे पाय पाटीला बांधलेले असतात. पाटी सोडली कीं त्याचा स्पर्श फुकट. त्याचें सारें राज्य त्याच्या हाताच्या लांबीएवढें. एकट्या पहारेकऱ्याला तुमची कोंडी करतां येत नाहीं. सूरपाटीवरून धांवत येणाऱ्या दुसऱ्याशीं त्याची गांठ पडावी लागते, आणि ती गांठ पडण्यापूर्वीं जी पळभराची फट राहते तीच तुमची वाट. आमच्या आळींत आणखी एक कडक नियम होता. एका गड्याला हात लागला कीं सगळा पक्ष मेला. त्यामुळें जो चपळ असे तो आपल्याच धुंदींत पुढें निघून जात नसे. मागें राहिलेल्या लठ्ठ पोराकडे पाटीवाल्याचें लक्ष जाऊं नये म्हणून तो मुद्दाम हुलकावण्या देत घुटमळे. (तो लठ्ठ पोरगा बहुधा मीच असें, हें ओघानें सांगून टाकतों.)

हें सर्व मला आठवलें तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. तो मूळचा पोयनाडकडच्या एका खेड्यांतला, आमच्याकडे बी. ए. झाला, आणि आतां पुण्यास संगणकावर व मोबाइलवर खेळावयाचे व्हिडिओ गेम रचतो. रचतो म्हणजे चित्रें काढीत नाहीं. खेळांत काय केलें असतां काय घडावें, कोणाला काय दिसावें आणि काय दिसूं नये, हे नियम ठरवणें हें त्याचें काम. असा कांहीं धंदा आहे व त्याबद्दल पगार मिळतो, हें पटायला मला वेळ लागला; पण ज्या कोणीं आट्यापाट्या रचल्या त्यानें तरी दुसरें काय केलें होतें? गेल्या पावसाळ्यांत तो घरीं आला असतां असाच एक अर्धवट झालेला खेळ घेऊन मजकडे आला. विषय होता चरीचा संप. ‘सर, तुम्ही फक्त मराठी तपासा,’ तो म्हणाला. प्राध्यापकाला ‘फक्त’ कांहीं तपासतां येत असतें तर पुष्कळांचें कल्याण झालें असतें.

चरीच्या संपाची हकीकत कोंकणाबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासचीं मिळून २५ गांवें. तेथील कुळांनीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं निर्धार केला कीं, खोताची जमीन कसावयाचीच नाहीं. खोताच्या वांट्याचा जाच तर होताच. शिवाय त्याची नजर शेतावर कापणीच्या आधींपासून असे. भात उभें असतांनाच त्याचा माणूस बांधाबांधानें फिरे आणि या खांचरांत इतके मण पिकणार असा आंकडा ठरवी. याला ‘अभावणी’ म्हणत. पीक कुळाच्या घामाचें, आणि त्याचें माप दुसऱ्याच्या डोळ्यांत! संप १९३९ पर्यंत टिकला. जमिनी ओस पडल्या. लोकांनीं जंगलांतला लाकूडफाटा विकून, मासळी धरून, मिळेल तेथें मजुरी करून दिवस काढले. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर चरीस येऊन गेले, व १९३७ सालीं त्यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. अखेर १९३९ च्या कुळकायद्यांत ‘संरक्षित कूळ’ हा शब्द आला. खोती प्रत्यक्ष जाण्यास पुढें आणखी दहा वर्षें लागलीं, ती गोष्ट निराळी.

आतां यांतली खेळ रचणाऱ्याची अडचण लक्षांत घ्या. सहा वर्षें या लोकांनीं जें केलें तें म्हणजे ‘न करणें’. नांगर न धरणें, पेरणी न करणें, खोताच्या माणसाला होकार न देणें. कळ दाबली असतां कांहींतरी घडावें यासाठीं माणूस व्हिडिओ गेम खेळतो. कांहींच न घडूं देण्यासाठीं तो कळ कां म्हणून दाबील?

माझ्या विद्यार्थ्यानें पहिल्या खर्ड्यांत ही अडचण नेहमींच्या रीतीनें सोडवली होती. एक तरुण नायक, रात्रीची वेळ, खोताचे प्यादे आणि पोलीस कंदील घेऊन फिरताहेत. प्रत्येक पहारेकऱ्याच्या तोंडापुढें एक पिवळा त्रिकोण. ती त्याची नजर. त्या त्रिकोणांत पाऊल पडलें कीं सांपडलांत. त्रिकोण चुकवून, झाडाआड लपून नायकानें पत्रकें पोंचवायचीं. खेळ देखणा होता. मींहि अर्धा तास खेळलों आणि सात वेळां पकडला गेलों. परंतु तो चरीचा संप नव्हता. चरीचे लोक लपून बसले नव्हते. ते दिवसाढवळ्या आपल्या ओटीवर बसले होते, आणि समोरचें ओसाड शेत खोताला दिसावें हीच त्यांची इच्छा होती. ज्याला दाखवायचें आहे त्याला लपण्याचे नियम काय कामाचे?

खेळाचा नियम हा त्याच्या विषयाहून बलवत्तर असतो, याचें एक नामांकित उदाहरण आपल्या सर्वांच्या घरांत आहे. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें ‘व्यापार’ मांडून बसतात, मुंबई-दिल्लीच्या जागा विकत घेतात, आणि जो चुकून त्या जागेवर येईल त्याच्याकडून भाडें उकळतात. ज्या परदेशी खेळावरून हा आला त्याचें मूळ एलिझाबेथ मॅगी नांवाच्या अमेरिकन बाईनें १९०४ सालीं पेटंट घेतलेल्या एका खेळांत आहे. त्याचें नांवच ‘जमीनदाराचा खेळ’. ही बाई हेन्री जॉर्जची अनुयायी. जमिनीचें भाडें थोड्यांच्या घशांत जातें आणि बाकीचे कंगाल होतात, हा अन्याय मुलांना हातांनीं खेळून कळावा, एवढाच तिचा हेतु. झालें काय, तर खेळणाऱ्यांना कंगाल होण्याचा धडा ध्यानांत राहिला नाहीं. दुसऱ्याला कंगाल करण्याची मजा मात्र राहिली. १९३५ सालीं एका मोठ्या कंपनीनें तिचे हक्क ५०० डॉलरांस घेतले व ‘मोनॉपली’ जगभर विकला. चरीचीं शेतें तेव्हां दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं ओस पडलीं होतीं. इकडे खोताला भाडें नाकारण्यासाठीं माणसें उपाशी राहत होतीं, आणि तिकडे खोत होण्याचा खेळ दुकानांत मांडला जात होता.

उलट, पहाऱ्यावरचा एक अलीकडचा खेळ मला याच विद्यार्थ्यानें दाखवला आणि त्यापुढें माझी प्राध्यापकी टीका थंड पडली. ल्युकस पोप यानें २०१३ सालीं काढलेला ‘पेपर्स, प्लीज’. यांत खेळणारा स्वतःच पहारेकरी असतो. एका दरिद्री, जुलमी राज्याच्या सरहद्दीवर तो खिडकीशीं बसला आहे; समोर रांग; कागद तपासून आंत सोडायचें किंवा परत धाडायचें. जितकीं माणसें तपासावीं तितके पैसे. चूक झाली तर पहिल्या दोनदां ताकीद, मग दंड. संध्याकाळीं हिशेब, घरभाडें, अन्न, शेगडी, मुलाचें औषध. एक बाई येते. तिचा नवरा नुकताच आंत गेलेला आहे, आणि तिच्याजवळ एक कागद कमी आहे. तिला सोडावें तर आपल्या घरची शेगडी विझण्याचा संभव. येथें पहारेकरी पुन्हां पाटीला बांधलेला दिसतो. फक्त या वेळीं ती पाटी त्याच्या पोटांतून गेलेली आहे.

आम्हां अलिबागकरांना हा खेळ विशेष समजावा. कान्होजी आंगऱ्यांच्या काळीं या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताजवळ त्यांचें दस्तक असावें लागे, नसेल तर गलबत धरलें जाई. आणि या गोष्टीचा आम्हांला यथायोग्य अभिमान आहे. रेघ आपली असली म्हणजे पहारा गोड लागतो.

दिवाळीच्या सुटींत विद्यार्थी दुसरा खर्डा घेऊन आला. पिवळे त्रिकोण गेले होते. नायकहि गेला होता. खेळणाऱ्याच्या हातांत आतां एक वही, आणि समोर कांहीं घरें. कोणाच्या कणगींत किती पायली तांदूळ उरला, कोण आजारी आहे, कोणाचें कर्ज किती, हें दारांत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाहीं. आणि तें कळल्याशिवाय ज्याच्याकडे चार पायल्या अधिक आहेत त्याच्याकडून, ज्याची चूल पेटली नाहीं त्याच्याकडे, त्या पोंचवतां येत नाहींत. म्हणून विचारीत फिरायचें व लिहून ठेवायचें. परंतु जितकें लिहावें तितकी ती वही मोलाची होते. आपल्याला, आणि खोतालाहि. ती त्याच्या कारकुनाच्या हातीं लागली तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो नेमका त्याच ओटीवर येऊन बसतो, जेथें काल रात्रीं मूल उपाशी निजलें. ओरडत नाहीं, धमकावीत नाहीं. एक खांचर आणि थोडी उचल एवढेंच देऊं करतो. बरें, लिहूंच नये म्हणावें, तर आपलीं माणसें आपल्याच शेजारीं आपल्या नकळत खचत जातात.

मला हा नियम पाहून एकदम अभावणीची आठवण झाली. खोत भाताची अभावणी करी, आणि ही भुकेची अभावणी. एकजूट टिकवायची तर एकमेकांचें कळलें पाहिजे. आणि जें कळतें, लिहिलें जातें, तें कोणाच्या तरी हातीं पडूं शकतें. नजर दोन्हीकडे आहे. आमच्या गांवांत १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनीं मोजमाप बिघडेल, म्हणून ती तेथल्या कुलाब्याहून येथें आणली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा लहानसाहान कंप ती अहोरात्र टिपते. तिच्याइतकी जागती नजर अलिबागेंत दुसरी नाहीं. तरी तिच्या कुंपणाजवळून जातांना कोणाची चाल बदलत नाहीं. तिच्या वहींत माणसांचीं नांवें नसतात.

खरा वाद झाला तो तांबड्या घरावरून. खर्ड्यांत अशी योजना होती कीं, एखादें घर फुटलें, म्हणजे त्यानें खोताची जमीन पत्करली, कीं नकाशावर तें तांबडें व्हावें. बाकीच्या घरांना तें दिसावें, आणि त्यांनीं त्याच्याशीं व्यवहार तोडावा कीं नाहीं हें खेळणाऱ्यानें ठरवावें. दिवाळींत त्यानें हा खेळ घरीं आपल्या आजीच्या हातांत दिला. नव्वदीला टेकलेली बाई. मोबाइल तिला नवा नाहीं, नातवंडांशीं ती त्यावर बोलते. तिनें बराच वेळ तीं घरें न्याहाळलीं आणि हें तांबडें घर कोणाचें, असें विचारलें. कोणाचेंच नाहीं, नुसता खेळ आहे, असें त्यानें सांगितलें. तिनें मोबाइल पालथा घालून ठेवला.

पुढें चार दिवसांनीं जें तिनें तुटक तुटक सांगितलें, तें त्यानें मला किनाऱ्यावर फिरतांना सांगितलें. चौथ्या वर्षीं त्यांच्या घरानें एक खांचर घेतलें होतें. घरांत दोन आजारी होते. संप मिटला, कायदा झाला, ज्यांनीं संप केला त्यांना व ज्यांना तो झेपला नाहीं त्यांनाहि कायद्यानें एकाच दर्जाचें कूळ मानलें. परंतु आजी नवी नवरी म्हणून त्या घरांत आली तेव्हां, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनंतरहि, आळींतल्या दोन घरांच्या पंगतीला त्यांना बोलावणें येत नसे. कां येत नाहीं हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. तिनें तें हळूहळू ताडलें.

त्या रात्रीं त्यानें तांबडा रंग काढून टाकला. आतां फुटलेलें घर नुसतें अंधारतें. त्याच्या दारांत गेलें तर उत्तर मिळत नाहीं, आणि त्याच्यासाठीं तांदळाच्या पायल्या चालू ठेवायच्या कीं बंद करायच्या, हें खेळणाऱ्यानें वहींत आपल्या हातानें लिहावें लागतें. मला हें मान्य नाहीं. गांवाचीहि एक नजर असते, ती खोताच्या नजरेहून कठोर असते, कारण ती कोणत्याच पाटीला बांधलेली नाहीं. आणि तिच्यावांचून संप सहा वर्षें टिकला असता असें मला वाटत नाहीं. मग ती खेळांत स्पष्ट, तांबडीच दिसूं द्यावी. ती लपवणें म्हणजे संपाचा देव्हारा करणें. तो म्हणतो, ‘सर, तांबडें दिसलें कीं खेळणारा विचार करीत नाहीं, नुसता तोडतो. अंधारलेलें घर पाहिलें कीं तो आधीं दार ठोठावतो.’ त्यानें हें आपल्या दहा-बारा मित्रांना खेळायला लावून पाहिलें आहे असें तो सांगतो. मजजवळ असा कांहीं पुरावा नाहीं, फक्त मत आहे; आणि तें मीं अजून सोडलेलें नाहीं.

खेळ बाजारांत कधीं येईल हें मात्र अनिश्चित आहे. एका कंपनीनें तो घेण्याची तयारी दाखवली होती. तिची एकच अट; खेळणारा कोठें थांबतो, कोणत्या घरापुढें किती वेळ घुटमळतो, पायल्या बंद करण्यापूर्वीं त्याचें बोट किती क्षण अडखळतें, हें सर्व खेळानें आपोआप टिपून त्यांच्याकडे पाठवावें. हल्लीं पुष्कळ खेळांत असें टिपतात म्हणे, आणि खेळणाऱ्यानें आरंभीं न वाचतां दिलेल्या संमतींत तें बसतें. आट्यापाट्यांतला पाटीवाला निदान समोर उभा दिसत असे. त्याचा हात किती लांब पोंचतो हें डोळ्यांनीं मोजतां येई. चरीच्या संपावर खेळ करायचा, आणि खेळणाऱ्याच्या उंबऱ्यावर कारकून बसवायचा! त्यानें नकार दिला. त्याच्यावर घराचें कर्ज आहे, हें मला ठाऊक आहे. म्हणून त्या नकाराबद्दल शाबासकी देण्याचें मीं मुद्दाम टाळलें, आणि दुसऱ्या कंपनीकडे विचार, एवढेंच म्हटलें.

तूर्त आम्ही त्याच्या मूळच्या कामाकडे, म्हणजे मराठी तपासण्याकडे वळलों आहों. दर मृगाला खोताचा माणूस दारीं येतो तेव्हां पडद्यावर दोन कळा उमटतात. पहिलीवर ‘पेरणी’ लिहिलें आहे. त्याबद्दल वाद नाहीं. दुसरीवर त्यानें ‘नकार’ असा शब्द घातला होता. मीं म्हटलें, चरीच्या ओटीवर बसून ‘नकार’ हा शब्द कोण उच्चारील? तेथें ‘नाहीं’ लिही. तो म्हणाला, ‘‘नाहीं’ म्हटलें कीं तो माणूस कां म्हणून विचारतो, सर. आजी सांगते, घरांतले नुसते सुपारी कातरीत बसत.’ तेव्हांपासून ती कळ कोरीच आहे.